वडिलांनी फोन उचलला तर

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कुत्रं, वीज, परीक्षा, सरकारी शिक्का मारलेलं पाकीट, सगळ्यांना मी भीत आले. आई म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. पण ज्या गोष्टीने माझी सगळ्यात जास्त गाळण उडवली ती मी स्वतःच्या हाताने केली होती, आणि करताना मला जराही भीती वाटली नव्हती. उलट शहाणपण केल्यासारखंच वाटलं होतं.

महाडात चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा एसटीडी बूथ होता. खाली बूथ, वर माडीवर आम्ही. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी परत आले तेव्हा वडिलांनी बूथच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर बसवून दिला आणि घरच्या फोनच्या लाइनवर मोडेम. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आखातात गेलेल्या आमच्याकडच्या माणसांना तिथे इंटरनेट सापडलं होतं आणि इथे त्यांच्या घरी साधा फोनही पोचला नव्हता. त्यातून एक पद्धत पडली. दुकानाचा ई-मेलचा पत्ता एकच, सगळ्या गावांची पत्रं त्याच्यावर, आणि विषयाच्या जागी गाव आणि बाईचं नाव. आखातात सुट्टी शुक्रवारची, म्हणून पत्रं शुक्रवारी लिहिली जायची आणि बायका शनिवारी बाजाराच्या पिशव्या घेऊन माझ्याकडे यायच्या. मी वाचून दाखवायची. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी वाचायची एक हातोटी असते, ती मला जमली होती. आजूबाजूला बायका बसलेल्या असायच्या, म्हणून नवऱ्याने बायकोसाठी म्हणून लिहिलेल्या ओळी मी लाजून गाळायची. कुणाचं आजारपण असलं तर ते थोडं कमी करून वाचायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण गाळायची सवय लागली.

यातल्याच एका बाईला मी भाभी म्हणायचे. पोलादपूरच्या रस्त्याला सावित्रीच्या काठी तिचं गाव. नवरा बांधकामावर होता. त्याला कॉम्प्युटर येत नसे. तो सांगायचा आणि त्याचा एक मित्र टाइप करायचा. मित्र पोलादपूरकडचा, आंबेनळी घाटाखालच्या एका वाडीवरचा, आखातातच एका गॅरेजात कामाला. दर पत्राच्या शेवटी तो आपली एक ओळ घुसवायचा, 'लिहिणाऱ्याचा नमस्कार'. मी ती ओळ मात्र वाचायची, आणि भाभी हसायची.

मार्चमध्ये तळ्यावर लोक जमतात तेव्हा आमच्या बूथसमोर लांब रांग लागायची. लांबून आलेली माणसं, घरी सुखरूप पोचल्याचं कळवायला उभी. त्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ उन्हात उभे राहून दमले. वडिलांनी त्यांना माडीवर नेलं, पाणी दिलं आणि म्हणाले, इथूनच लावा. माडीवरचा फोन मोडेमच्याच लाइनवर पॅरलल होता. वडिलांनी रिसीव्हर उचलला आणि खाली माझं भाभीचं पत्र मध्येच तुटलं.

तुटलं तर तुटलं, पुन्हा जोडू, असं मला वाटलं. पुन्हा जोडलं तर सर्व्हरवर पत्रच नाही. माझ्याकडे जेवढं उतरलं होतं तेवढंच उरलं.

त्यात लिहिलं होतं की नवऱ्याने कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा होता त्या अरब मालकाला, सोडलं आहे. चार महिने पगार नाही म्हणून पळून आलो. पासपोर्ट मालकाकडेच आहे. आता मित्राच्या गॅरेजच्या मागच्या खोलीत लपून राहतो. पुढे त्या वस्तीचं नाव, गॅरेजचं नाव, मित्राचं वाडीसकट पूर्ण नाव, कारण तिथे पत्र पाठवायचं तर कसं पाठवायचं ते त्याला कळवायचं होतं. मग माझ्यासाठी, 'बाई, हे तुम्ही एकट्याच वाचा, घरी सांगू नका. आणि मला जर काही झालं तर' एवढ्यावर पत्र संपलं.

शनिवारी भाभी आली. मी म्हणाले, "सगळं ठीक आहे, काम चालू आहे." तिने पिशवीतून मला दोन लिंबं दिली आणि ती गेली. मी ती लिंबं तशीच ठेवून दिली, वापरायचा धीर झाला नाही.

पत्रं उतरवून घेणारा तो प्रोग्राम फुकटचा होता, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचा. कुणा कंपनीचा नव्हता. जगभरची माणसं आपापल्या वेळात तो लिहीत होती आणि त्याचं सगळं कोड कुणालाही वाचायला उघडं होतं. सोबतच्या फाइलमध्ये लिहिलेलं, दोष सापडला तर या मेलिंग लिस्टवर कळवा, आणि ज्यात दोष दिसतो ती फाइल जशीच्या तशी जोडा.

इंग्रजीत परक्या साहेबांना लिहायचं म्हणून मला दोन दिवस घाम फुटत होता. 'रिस्पेक्टेड सर' लिहू की नको यात एक दुपार गेली. पण भाभीच्या अर्ध्या पत्राची फाइल जोडताना मी क्षणभरही थांबले नाही. जशीच्या तशी म्हटलंय ना, मग जशीच्या तशी. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये खाडाखोड केली की मार्क जायचे, ते डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि दुसरं, आपण सगळेच करतो ते मी केलं. परक्या माणसासमोर आपण बिनधास्त मराठीत बोलतो, त्याला काय कळतंय म्हणून. मला वाटलं, साहेबाला आकडे आणि तुटलेली जागा दिसेल, बाकी त्याला काही कळणारच नाही.

प्रोग्राम सांभाळणाऱ्या गृहस्थाचं एका ओळीचं उत्तर आलं. माझ्याकडे चालतंय, तुमची लाइन नेमकी कशी तुटते? मी खरं ते लिहिलं, की माझे वडील माडीवरचा फोन उचलतात.

तिसऱ्या दिवशी अजून एक उत्तर आलं, ते दुसऱ्याच कुणाचं होतं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. 'भाऊ, तुम्ही जोडलेलं पत्र मी वाचलं. ही लिस्ट सगळ्या जगाला दिसते. त्या माणसाचा पत्ता आहे त्यात. ताबडतोब काढायला सांगा.'

माझी पाचावर धारण बसली. मला वाटलं होतं, अर्ज केला की तो साहेबाच्या टेबलावर जातो. तसं नव्हतं. लिस्टवर आलेलं प्रत्येक पत्र एका पानावर कायमचं ठेवलं जात होतं, आणि ते पान कोणालाही उघडत होतं. मी सर्चमध्ये त्या वस्तीचं नाव आणि गॅरेजचं नाव टाकलं. पहिल्याच ओळीत माझा दोष-अहवाल. त्याच्याखाली तिचा नवरा, त्याची खोली, त्याच्या मित्राचं नाव. मी मॉनिटर बंद केला, जसं काही मॉनिटर बंद केल्याने ते जगात दिसायचं थांबणार होतं.

प्रोग्राम सांभाळणाऱ्या गृहस्थाला मी लिहिलं, या वेळी रिस्पेक्टेड सर वगैरे काही नाही. प्लीज, प्लीज, एका माणसाला पोलीस नेतील. त्याने त्याच दिवशी ते पान काढलं आणि कळवलं, 'आमच्याकडचं मी काढलं. पण लिस्टवरची पत्रं शेकडो लोकांच्या मशीनवर आपोआप गेलेली असतात, आणि काही ठिकाणी त्यांच्या नकलाही ठेवतात. दुसऱ्यांच्या घरात मला शिरता येत नाही. मला वाईट वाटतं.' तो भला माणूस होता. 

भाभीच्या नवऱ्याला मी मित्राच्या पत्त्यावर ताबडतोब मेल केला. माझी चूक झाली, तुमचा पत्ता बाहेर गेलाय, आधी जागा बदला. शुक्रवार आला, उत्तर नाही. दुसरा शुक्रवार, उत्तर नाही. शनिवारी भाभी यायची, बाकावर बसायची आणि विचारायची, "आज बी नाय?" मी म्हणायची, "लाइन खराब आहे भाभी." ते अर्धं खरं होतं म्हणून जिभेवरून पटकन निघायचं.

त्या दिवसांत मी कोड वाचायला लागले. धाडस वगैरे काही नव्हतं. हात रिकामे राहिले की छातीत धडधडायचं, म्हणून. चूक सापडली तेव्हा हसू आलं. प्रोग्राम पत्राचा नंबर आधी वहीत टिपून ठेवायचा आणि मग पत्र उतरवायचा. पोस्टमनने पाकीट हातात द्यायच्या आधीच सही करून मोकळं व्हावं तसं. मध्ये लाइन तुटली की नंबर वहीत राहायचा, आणि पुढच्या खेपेला प्रोग्राम सर्व्हरला सांगायचा, हे मला मिळालंय, पुसून टाक. ज्यांच्याकडे लाइन तुटत नाही त्यांना हे कधी दिसलंच नसतं. पत्र पूर्ण झालं की सर्व्हर शेवटच्या ओळीवर एक एकटं टिंब पाठवतो. ते टिंब आलं तरच सही करायची, एवढंच मला बदलायचं होतं.

बदल लिस्टवर पाठवला. प्रोग्रामवाल्या गृहस्थाने तीन वेळा परत केला. इथे तपासलं नाही, तिथे फाइल बंद केली नाही, वगैरे. चौथ्यांदा घेतला. तेव्हा नवीनच धास्ती लागली. आता माझ्या ओळी कुठल्या कुठल्या देशांत लोकांची पत्रं उतरवणार. माझं चुकलं असेल तर? एका बाईचं पत्र बुडवलं ते पुरलं नाही का? प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीबरोबर बदलांची यादी आली, त्यात त्याने एक ओळ लिहिली होती: 'वडिलांनी फोन उचलला तर पत्र आता हरवणार नाही.' दुसरी वेळ असती तर मी ती ओळ फ्रेम करून लावली असती.

वडिलांना मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "फोन मी उचलला, तो माझा दोष. पत्र तू जगापुढे मांडलंस, तो तुझा. जे केलंस ते तिच्या घरी जाऊन तोंडाने सांग."

मी सहा आसनी रिक्षा पकडून तिच्या गावी गेले. सहा आसनीत आम्ही अकराजण होतो आणि मला मनातून वाटत होतं, ही बंद पडावी. ती बंद पडली नाही. भाभी अंगणात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, आणि माझा चेहरा बघून पुन्हा खाली बसली.

"गेला का गो?" तिने विचारलं.

"नाही भाभी, तसं काही नाही. मला माहीत नाही." आणि मग मी सगळं सांगितलं. अर्धं पत्र, तो लपून आहे ते, मी ते जगासमोर कसं टांगलं ते, आणि तीन आठवडे कशी खोटं बोलले तेही.

तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तू वाचलास. सायबानं वाचला. तो कोन मराठी मानूस, त्यानं बी वाचला. माज्याच नवऱ्याचा पत्र, आनि माज्याच घरात नाय आला."

तिची नजर माझ्या पिशवीकडे गेली. ती म्हणाली, "आनलायस ना? मग वाच. आता काय गालू नको."

मी प्रिंट नेली होती. पहिल्या ओळीपासून वाचली. 'तुझ्या हातच्या तांदळाच्या भाकरीची आठवण येते, खोलीला खिडकी नाही, डोळे मिटले की अंगण दिसतं', हेही वाचलं. 'घरी सांगू नका' हेही. 'आणि मला जर काही झालं तर' ला मी थांबले, कारण पुढे काही नव्हतंच. 

"पुढं?"

"पुढचं हरवलं, भाभी."

ती रडली नाही. म्हणाली, "शनवारी मी सकालीच येते. त्या मशीनसमोर मी बसनार." मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

शनिवारी ती बूथ उघडायच्या आधी पायरीवर होती. वडिलांनी माडीवरच्या रिसीव्हरला स्वतः नाडी बांधली आणि आईला बजावलं, कुणी मेलं तरी उचलायचा नाही. मी लाइन जोडली. मोडेम किंचाळला, थांबला, आणि पडद्यावर आलं: एक पत्र. विषयात तिचं गाव, तिचं नाव.

"आलंय," मी म्हणाले. भाभीने माझा दंड घट्ट धरला.

आकडे सरकायला लागले. अर्ध्याच्या थोडे पुढे गेले, आणि लाइन तुटली.

मी मागे वळून पाहिलं. वडील दारात उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "मी नाही. देवाशपथ मी नाही."

खरंच कुणी काही केलं नव्हतं. आपोआप तुटली होती. आता सगळं माझ्या त्या ओळींवर होतं.  माझं चुकलं असेल तर आता जोडताक्षणी पत्र पुसलं जाणार होतं, तिच्या डोळ्यांदेखत, माझ्याच हाताने, दुसऱ्यांदा. न जोडावं असंही वाटलं. भाभी म्हणाली, "लाव ना गो." सहा वेळा एंगेज लागला. सातव्यांदा लागला. मी पडद्याकडे न बघता तिच्या हाताकडे बघत होते, माझ्या दंडावर तिची बोटं पांढरी झाली होती.

एक पत्र. तेच. होतं तिथेच होतं. पहिल्या अक्षरापासून उतरायला लागलं, पूर्ण उतरलं, आणि शेवटी टिंब आलं. तेव्हाच सही झाली.

मी मोठ्याने वाचलं. पत्र छोटं होतं, अक्षरं कुठेही पडलेली. 'हे मी स्वतः टाइप करतो, दोन बोटांनी, एक तास लागला. तुमचा निरोप माझ्या मित्राने मला वाचून दाखवला आणि त्याच संध्याकाळी मला दुसऱ्या शहरात पाठवलं. मी म्हटलं तूही चल. तो म्हणाला, माझे कागद पक्के आहेत, मला काय होतंय, गॅरेजची किल्ली माझ्याकडे आहे. दोन दिवसांनी छापा पडला. मी सापडलो नाही. मला ठेवून घेतलं म्हणून त्याला धरून नेलं. त्याच्या आईला कोणीतरी कळवा. मी बरा आहे. तिला सांगा, मी बरा आहे.'

भाभीने ओढणीत तोंड घालून मोकळेपणी रडून घेतलं. आई वरून पाणी घेऊन आली. माझ्या मात्र अंगातली थंडी जाईना. तो छापा माझ्या पत्रामुळे पडला की नुसताच पडला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तिकडे छापे पडतच असतात, असं सगळे म्हणतात. मी मान डोलावते, आणि अजूनही वर्षातून एखाद्या वेळी सर्चमध्ये त्या वस्तीचं नाव टाकून बघते.

तोंड पुसून भाभीने पहिली गोष्ट विचारली ती ही, "त्याची वाडी कुठली, म्हायती हाय ना तुला?"

माहीत होती. अर्ध्या पत्रात होती. मी तेव्हा म्हणाले, वडिलांना पाठवू या का? तिने सकाळची गाडी किती वाजता, तेवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने पोलादपूरला गेलो, तिथून महाबळेश्वरच्या गाडीने घाटाच्या पायथ्यापर्यंत, आणि पुढे पायवाटेने वर. पुढे आठ महिन्यांनी तो मित्र सुटून आला, हे आज मला माहीत आहे. त्या चढावर माहीत नव्हतं. दोनदा मी दम लागल्याचं निमित्त करून बसले. दोन्ही वेळा भाभी उभी राहिली, आणि मी उठले की चालायला लागली.

शेवटच्या घरासमोर एक म्हातारी म्हशीला वैरण टाकत होती. परक्या दोघी बघून तिने हात लुगड्याला पुसले. माझ्या हातातला कागद तिला दिसला आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"माज्या पोराचा पत्र आलाय काय गो बाय?"

 काय काय गाळता येईल ते सवयीने डोक्यात जुळायलाही लागलं होतं. भाभीने मागून माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आलंय, आजी," मी म्हणाले. "त्याने लिहिलेलं नाही, त्याच्याबद्दल आहे. आधी खाली बसा." ती ओट्यावर बसली. मी तिच्या शेजारी बसले, कागद उलगडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.